ओपेक प्लसची कपात: जाहीर किती, प्रत्यक्षात किती?

आकडेमोड (धागाकर्ता)

तेल उत्पादक देशांची बैठक झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एकच आकडा झळकतो: रोज इतक्या लाख पिंपांची कपात. बाजारात येणारे तेल खरोखर तेवढे घटते का, हे कुणालाही घरबसल्या तपासता येते. ती रीत इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

ओपेकची स्थापना सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला झाली. इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला हे पाच संस्थापक. मुख्यालय १९६५ पासून व्हिएन्नात. रशिया, कझाकस्तान, मेक्सिको, ओमान वगैरे ओपेकबाहेरचे देश १० डिसेंबर २०१६ च्या कराराने जोडले गेले आणि त्या मोठ्या गटाला ओपेक प्लस हे नाव पडले.

उदाहरणासाठी ५ ऑक्टोबर २०२२ ची बैठक घेतो. त्या दिवशी नोव्हेंबरपासून रोज २० लाख पिंपांची कपात जाहीर झाली. देशवार तक्ताही आला. गटाचा एकूण कोटा ४३८.५६ लाखांवरून ४१८.५६ लाख पिंपांवर आणला होता. आता वजाबाकी कशातून झाली ते पाहा. ती ऑगस्ट २०२२ च्या कोट्यातून झाली होती, त्या महिन्यात प्रत्यक्ष निघालेल्या तेलातून नव्हे. आणि तेव्हा हा गट आपल्या कोट्याच्या रोज ३५ लाख पिंपे मागे होता.

म्हणून प्रत्येक देशासाठी एकच हिशोब करायचा: मागच्या महिन्याचे खरे उत्पादन वजा नवा कोटा. उत्तर ऋण आले तर त्या देशाची कपात शून्य धरायची.

सौदीचा कोटा ११०.०४ वरून १०४.७८ लाख झाला. सौदी त्या वेळी ११० लाखांच्या आसपासच काढत होता, म्हणजे ५.२६ लाखांची कपात जवळजवळ पूर्ण खरी. रशियाचे आकडे अगदी हेच, ११०.०४ वरून १०४.७८. पण रशियाचे कच्चे तेल ९९ लाखांच्या आसपास निघत होते. त्याला नव्या कोट्यापर्यंत पोहोचायलाच सुमारे ६ लाख पिंपे वाढवावी लागली असती, म्हणून कपात शून्य. नायजेरिया १८.२६ वरून १७.४२ लाखांवर आला, तेही कागदावरच, कारण चोरी आणि फोडलेल्या पाइपलाइनी यांमुळे तिथे १० लाखांच्या आसपासच तेल हाती लागत होते. अंगोलाची तीच गत. कझाकस्तानचे काशागान क्षेत्र तेव्हा बिघाडाने अडले होते, म्हणून त्याचेही शून्य. अमिरातीचे १.६ लाख आणि कुवेतचे १.३५ लाख खरे धरता येतात. इराकच्या २.२ लाखांपैकी साधारण निम्मे.

बेरीज ९ ते १० लाखांपर्यंत जाते. सौदी ऊर्जामंत्र्यांनी स्वतःच प्रत्यक्ष परिणाम १० ते ११ लाखांचा असेल असे सांगितले होते. म्हणजे मथळ्यातल्या आकड्याच्या निम्मा.

चौकस

रीत पटली. पण 'मागच्या महिन्याचे खरे उत्पादन' ठरवणार कोण? देश स्वतः जे कळवतो ते धरायचे का?

आकडेमोड

नाही, आणि सगळी भांडणे नेमकी इथेच होतात. ओपेकच्या मासिक अहवालात दोन तक्ते असतात. एक सदस्य देशांनी थेट कळवलेल्या आकड्यांचा, दुसरा दुय्यम स्रोतांचा, म्हणजे बाहेरच्या संस्थांच्या अंदाजांची सरासरी. कोटा पाळला की नाही हे दुसऱ्या तक्त्यावरून ठरते. कारण उघड आहे. कोट्यापेक्षा जास्त काढणारा देश स्वतःचा आकडा कमीच सांगणार.

हे स्रोत कोणते हाही राजकारणाचा भाग होतो. मार्च २०२२ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेला, म्हणजे आयईएला, यादीतून काढून वुड मॅकेन्झी आणि रिस्टाड यांना घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिस्टाड आणि अमेरिकी सरकारची ईआयए बाहेर गेली. त्यांच्या जागी केप्लर, ऑइलएक्स आणि ईएसएआय आल्या.

आणखी एक खाच. कोटा फक्त कच्च्या तेलाला लागतो, नैसर्गिक वायूबरोबर निघणाऱ्या हलक्या द्रवाला, म्हणजे कंडेन्सेटला, नाही. रशियाची सरकारी आकडेवारी मात्र पूर्वी दोन्ही एकत्र आणि टनात यायची. एका टनाला ७.३३ पिंपे धरून रूपांतर करायचे आणि मग कंडेन्सेट वजा करायचे. ते वजा न करताच अनेक जण रशियाने कोटा मोडला म्हणून लिहीत.

दर्यासारंग

उत्पादनाचा आकडा शेवटी अंदाजच असतो. जहाज मात्र दिसते. म्हणून व्यापारातले लोक निर्यातीवर नजर ठेवतात. समीकरण साधे आहे:

उत्पादन = निर्यात + देशातल्या शुद्धीकरण कारखान्यांची उचल + वीजकेंद्रांत थेट जाळलेले तेल + साठ्यातली वाढ (किंवा वजा घट)

यातले एक पद बदलले की मंत्र्यांनी उत्पादन कापूनही जहाजे तेवढीच भरतात. सौदीत उन्हाळ्यात वातानुकूलनासाठी वीज लागते आणि त्यासाठी कच्चे तेल थेट जाळले जाते. हिवाळ्यात ती गरज उतरते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाहीर झालेल्या कपातीचा काही भाग घरच्या घटलेल्या वापरातून निघतो आणि निर्यातीला तेवढी झळ लागत नाही. उलट जुलैत कपात झाली की निर्यातीवर दुहेरी मार बसतो. सौदीने जुलै २०२३ पासून १० लाखांची जादा कपात करून उत्पादन ९० लाखांवर आणले, तिचा परिणाम म्हणूनच इतका जाणवला.

जहाजातले तेल मोजायचे कसे? जहाजाच्या स्वयंचलित ओळख यंत्रणेतून, म्हणजे एआयएसमधून, जागा, वेग आणि पाण्यात बुडालेली खोली कळते. बंदरात येतानाची आणि निघतानाची खोली यांच्या फरकावरून माल काढतात. सर्वात मोठ्या वर्गातले तेलवाहू जहाज, व्हीएलसीसी, साधारण २० लाख पिंपे नेते. चुका होतात त्या तीन ठिकाणी. खोलीचा आकडा जहाजावरचा माणूस हाताने भरतो आणि तो कधी कधी जुनाच राहतो. निर्बंधाखालचे तेल नेणारी जहाजे यंत्रणा बंद ठेवतात. आणि समुद्रातच एका जहाजातून दुसऱ्यात माल ओतला जातो, जसे इराणी तेलाचे मलेशियाजवळच्या समुद्रात होते. म्हणून एका आठवड्याच्या आकड्यावर कधी विसंबू नये, किमान चार आठवड्यांची सरासरी घ्यावी.

ताळा करायला 'जोडी' (JODI) नावाची खुली आकडेवारी आहे. रियाधच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा मंचाकडून दरमहा येते. ती देशांनीच कळवलेली असते आणि साधारण दोन महिने मागे चालते, पण सौदीची निर्यात, साठे आणि थेट जाळलेले तेल एकाच तक्त्यात मिळते.

चौकस

आणि ही कपात ग्राहकापर्यंत पोहोचते कशी? भारतातल्या कारखान्याचा वर्षाचा करार असतो ना?

दर्यासारंग

असतो, पण त्या करारात भाव आणि नेमके प्रमाण महिन्याला ठरते. सौदीची सरकारी तेल कंपनी अरामको साधारण ५ तारखेच्या सुमारास पुढच्या महिन्यात भरायच्या मालाचे अधिकृत विक्री भाव जाहीर करते. हा भाव म्हणजे सुटा आकडा नसतो, एखाद्या मापदंडावर अधिक किंवा उणे इतके डॉलर असा असतो. आशियासाठी मापदंड ओमान आणि दुबई यांची सरासरी, युरोपसाठी ब्रेंट, अमेरिकेसाठी तिथल्या आंबट, म्हणजे जास्त गंधकाच्या, तेलांचा निर्देशांक. ग्राहक आपली मागणी कळवतात आणि मग महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाला किती मिळणार हे कळते. कपात इथे उतरते. मागितलेल्या मालापेक्षा कमी मंजूर होतो, किंवा करारातल्या थोड्या कमी-जास्तीच्या मुभेची खालची बाजू विक्रेता वापरतो. करारात ठिकाणाची अटही असते, म्हणजे घेतलेला माल ग्राहकाने दुसऱ्याला विकायचा नाही. त्यामुळे एका खंडात भाव चढा आणि दुसऱ्यात उतरता ठेवणे विक्रेत्याला जमते.

७ मार्च २०२० ला हेच हत्यार उलटे चालवले गेले. आदल्या दिवशी रशियाशी बोलणी फिसकटली होती. अरामकोने एप्रिलचे भाव पिंपामागे ६ ते ८ डॉलरने पाडले. सोमवारी ९ मार्चला बाजार उघडला आणि ब्रेंट एका दिवसात सुमारे २४ टक्के खाली आले. त्यासाठी मंत्र्यांच्या बैठकीची गरज पडली नाही, भावपत्रक पुरले.

विहीरकाठ

वर कोटा आणि जहाजे आली, आता जमिनीखालचे. 'उत्पादन कापा' हा हुकूम विहिरीवर पोहोचतो तेव्हा देशादेशांत मोठा फरक पडतो आणि कोटे मोडण्याची निम्मी कारणे तिथे आहेत.

सौदीत थोड्या विहिरी आणि दर विहिरीचे उत्पादन मोठे. घवारसारख्या क्षेत्रात कडेने पाणी भरून दाब टिकवलेला असतो, त्यामुळे बहुतेक विहिरी आपल्या दाबाने वाहतात. मुखाशी असलेली झडप आवळली की प्रवाह कमी, सोडली की वाढतो. शिवाय अख्खे क्षेत्र आळीपाळीने विश्रांतीला ठेवता येते. सौदी कपात करतो तेव्हा बहुधा जड आणि मध्यम तेलापासून सुरुवात करतो, कारण त्याला भाव कमी मिळतो. याचा परिणाम भारतीय कारखान्यांवर होतो तो पुढे कुणीतरी लिहावा.

पश्चिम सैबेरियात उलट स्थिती. हजारो जुन्या विहिरी, प्रत्येकीत विहिरीच्या आत बसवलेला विद्युत पंप आणि वर येणाऱ्या द्रवात तेलापेक्षा पाणीच जास्त. पंप बंद केला की वाळू खाली बसते, मेण नळीला चिकटते, आणि परत चालू करताना पंप जळण्याचा धोका असतो. थंडीत बंद नळीतले पाणी गोठते. म्हणून रशिया नेहमी म्हणत आला की आम्ही हळूहळूच कापू शकतो.

इराकची अडचण वेगळी. तिथे तेलाबरोबर निघणारा वायू वीजकेंद्रांना लागतो, त्यामुळे तेल कापले की वीज जाते. त्यात परदेशी कंपन्यांशी असलेल्या सेवा करारांत सरकारी हुकुमाने उत्पादन थांबवले तर भरपाईची कलमे आहेत, आणि कुर्दिस्तानातले तेल बगदादच्या मुठीत पूर्णपणे कधीच नव्हते.

कझाकस्तान हे २०२५ मधले सर्वात ठळक उदाहरण. देशाचे बहुतेक तेल तेंगीझ, काशागान आणि काराचागनाक या तीन क्षेत्रांतून येते आणि तिन्ही आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती. तेंगीझमध्ये शेव्हरॉनचा ५० टक्के आणि एक्झॉनमोबिलचा २५ टक्के वाटा. तिथला विस्तार जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला आणि रोज २.६ लाख पिंपांची भर पडली. तेव्हा देशाचा कोटा १४.६८ लाख होता, उत्पादन १८ लाखांच्या आसपास गेले. अब्जावधी डॉलर ओतून उभा केलेला प्रकल्प कंपन्या मंत्र्यांच्या शब्दासाठी बंद ठेवणार नाहीत आणि त्यांना भाग पाडायचे तर करार मोडावे लागतील. म्हणून तिथून येणारी, जादा काढलेल्या तेलाच्या भरपाईची वेळापत्रके मी गांभीर्याने घेत नाही.

जुनी_पाने

रशियाच्या थंडीच्या कारणाबद्दल एक आक्षेप. एप्रिल २०२० मध्ये रशियाचे उत्पादन कंडेन्सेटसह रोज ११३ लाखांच्या वर होते, मे महिन्यात ते ९४ लाखांच्या आसपास आले. महिन्याभरात १९ लाखांची घट. तांत्रिक अडचण खरी असेलही, पण गरज पडली तेव्हा ती आड आली नाही.

विहीरकाठ

मे महिन्यात बर्फ वितळलेले असते, तेच जानेवारीत जमले नसते. शिवाय त्यांनी बंद करायला सर्वात कमी देणाऱ्या आणि सर्वात पाणीदार विहिरी निवडल्या. त्यांतल्या काही नंतर उघडून फायदाही नव्हता. पण मूळ मुद्दा मान्य आहे: 'जमत नाही' यात 'करायचे नाही' किती मिसळले आहे हे बाहेरून कळत नाही.

चौकस

एप्रिल २०२० चा विषय निघालाच आहे तर, ती ९७ लाखांची कपात कशावरून मोजली होती? सौदी आणि रशियाचे कोटे अगदी सारखे कसे?

आकडेमोड

१२ एप्रिल २०२० चा करार. बाकी सगळ्यांसाठी आधारपातळी ऑक्टोबर २०१८ चे उत्पादन, सौदी आणि रशियासाठी मात्र सरळ ११० लाख प्रत्येकी. हा आकडा भूगर्भातून आला नव्हता, तडजोडीतून आला होता. त्यावर सुमारे २३ टक्के कपात, म्हणजे दोघेही जवळपास ८५ लाखांवर. मूळ आराखडा १०० लाखांचा होता. मेक्सिकोला ४ लाख कापायला सांगितले, त्याने १ लाखावर अडून बसून तेवढेच मान्य करवून घेतले, म्हणून ९७ लाख. मग टप्पे पडले: जुलैअखेर ९७ लाख, नंतर ७७ लाख, जानेवारी २०२१ पासून ७२ लाख (मूळ करारात तिथे ५८ लाख होते).

आधारपातळी हेच या गटातले खरे चलन आहे. ती एकदा वर गेली की पुढच्या प्रत्येक कपातीत टक्केवारी तीच राहूनही तुमच्या वाट्याला जास्त पिंपे येतात. जुलै २०२१ मध्ये अमिराती याच मुद्द्यावर अडली. त्यांची क्षमता वाढली होती आणि आधार ३१.६८ लाखांवर अडकला होता. दोन आठवडे करार लटकला आणि मे २०२२ पासून ३५ लाख देऊन मिटवावा लागला. अंगोलाचे उलट. उत्पादन घटत गेले, बाहेरच्या सल्लागारांकडून तपासणी झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये २०२४ चा कोटा ११.१ लाख ठरला. अंगोलाला ११.८ हवा होता. २१ डिसेंबरला त्यांनी ओपेक सोडत असल्याचे जाहीर केले. ७० हजार पिंपांच्या वादावर सोळा-सतरा वर्षांचे सदस्यत्व गेले. कतार २०१९ च्या आणि एक्वाडोर २०२० च्या सुरुवातीला आधीच बाहेर पडले होते.

वायदा

२०२३ नंतरच्या घोषणा वाचताना आणखी एक सापळा आहे, तो इथे नोंदवतो. तेव्हा कपातीचे तीन थर एकमेकांवर चढलेले होते: पूर्ण गटाची २० लाख, एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेली सुमारे १६.५ लाखांची ऐच्छिक, आणि ३० नोव्हेंबर २०२३ ची सुमारे २२ लाखांची आणखी एक ऐच्छिक. या तिसऱ्या थराची फोड पाहा. सौदीचे १० लाख म्हणजे जुलैपासून चालू असलेल्या कपातीचीच मुदतवाढ. रशियाच्या ५ लाखांपैकी २ लाख पिंपे डिझेल वगैरे शुद्ध मालाची, आणि सगळी निर्यातीवर मोजलेली, उत्पादनावर नाही. उरलेले सहा देश मिळून जेमतेम ७ लाख. उत्पादनातली नवी कपात म्हणावी ती एवढीच. बाजाराने हे लगेच ओळखले आणि त्या दिवशी भाव वाढण्याऐवजी उतरला.

अनुपालनाची टक्केवारीही अशीच फसवी. सूत्र असे: प्रत्यक्ष कपात भागिले कबूल केलेली कपात. समजा आधार १००, कोटा ९०, उत्पादन ९५. अनुपालन ५० टक्के निघते. ऐकायला भयंकर, पण तो देश कोट्याच्या साडेपाच टक्केच वर आहे. याउलट २०२२ च्या मध्यात गटाचे अनुपालन ३०० टक्क्यांच्या वर गेले होते. ती शिस्त नव्हती. रशियावरचे निर्बंध आणि नायजेरिया-अंगोलाची असमर्थता तिथे 'कपात' म्हणून मोजली जात होती. टक्केवारी सोडा, पिंपे मोजा.

आता भावाकडे. या गटाचे लक्ष ताज्या भावापेक्षा वायद्यांच्या उताराकडे जास्त असते. पुढच्या महिन्यांचा भाव आजच्यापेक्षा चढा असेल तर तेल टाकीत भरून ठेवणे परवडते. हिशोब करा: व्हीएलसीसीचे भाडे दिवसाला ५०,००० डॉलर धरले तर महिन्याला १५ लाख डॉलर, माल २० लाख पिंपे, म्हणजे पिंपामागे महिन्याला ७५ सेंट. व्याज आणि विमा वेगळा. दोन महिन्यांच्या भावातला फरक याहून जास्त झाला की व्यापारी तेल विकत नाही, साठवतो. तो साठा पुढे महिनोन् महिने भावाच्या मानेवर बसतो. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला तो टाक्यांत जागा उरली नव्हती म्हणून. मे महिन्याचा वायदा घेऊन बसलेल्याला कुशिंग या साठवणकेंद्रावर माल उचलावाच लागला असता आणि ठेवायला जागा नव्हती.

म्हणून ओपेक प्लसला उलटा उतार हवा असतो, आजचा भाव वर आणि पुढचे खाली. साठे रिकामे होतात. दुसरा फायदा क्वचित कुणी बोलून दाखवतो: अमेरिकेतले शेल उत्पादक, म्हणजे घट्ट खडक फोडून तेल काढणारे, बँकेच्या कर्जासाठी पुढच्या वर्षाचे तेल आजच वायद्यात विकून ठेवतात. पुढचे भाव दबलेले असतील तर त्यांचा नव्या विहिरींचा हात आखडतो.

जुनी_पाने

तरीही शेल आखडले नाही. अमेरिकेचे कच्चे तेल २००८ मध्ये रोज ५० लाखांच्या आसपास होते, २०२३-२४ मध्ये १३० लाखांच्या पुढे गेले. कपात करून धरलेला भाव प्रतिस्पर्ध्याच्या विहिरीचा खर्च भागवतो. हा रोग ओपेकला पहिल्यापासून आहे.

१९८२ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा उत्पादनाची मर्यादा घातली, एक वर्षाने अरब हलक्या तेलाचा अधिकृत भाव ३४ वरून २९ डॉलर केला आणि एकूण कोटा १७५ लाख ठेवला. कोटा पाळला जाईना तेव्हा उरलेला भार सौदीने उचलला. १९८० मध्ये रोज ९९ लाख पिंपे काढणारा देश ऑगस्ट १९८५ मध्ये २५ लाखांच्याही खाली आला. उत्तर समुद्र आणि मेक्सिको तेवढ्याच वेळात वाढत होते.

मग सौदीने करारच बदलले. कच्च्या तेलाचा भाव आधी ठरवायचा नाही. पेट्रोल-डिझेल विकून जे येईल त्यातून शुद्धीकरणाचा खर्च, नफा आणि जहाजभाडे वजा करून उरेल तो भाव. कारखान्याचा नफा पक्का झाल्यावर तो कारखाना पूर्ण क्षमतेने का चालणार नाही? मालाचा पूर आला आणि १९८६ च्या मध्यापर्यंत तेल १० डॉलरच्या आसपास आले. ऑक्टोबरात सौदी तेलमंत्री यामानी यांना पदावरून काढले, डिसेंबरात १५८ लाखांचा कोटा आणि १८ डॉलरचा भाव यांवर समेट झाला.

मला यातून एकच गोष्ट दिसते आणि ती मी ठामपणे मांडतो. या गटाकडे दंड करायची कोणतीही तरतूद नाही. कोटा मोडणाऱ्याला शिक्षा एकच: सौदी स्वतः नळ उघडतो आणि सगळ्यांचे उत्पन्न पाडतो, स्वतःचे धरून. १९८६, २०१४ आणि २०२० मध्ये त्याने तेच केले. २०१४ ला लक्ष्य शेल होते, एवढा फरक. जून २०२० पासून भरपाईची पद्धत आली, म्हणजे या महिन्यात जास्त काढले तर पुढे तेवढे कमी काढायचे. पण भरपाई न करणाऱ्याचे काय, याला कागदावर उत्तर नाही.

कोकणपट्टी

भारताच्या बाजूने थोडे. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल आयात करतो आणि आपल्या सरासरी आयात भावात सुमारे तीन चतुर्थांश वजन ओमान-दुबईच्या आंबट तेलाला आहे. विहीरकाठ यांनी वर लिहिले त्याचा परिणाम असा: सौदीने जड तेल कापले की ब्रेंट आणि दुबई यांतले अंतर मिटते. आपले मोठे कारखाने स्वस्त जड तेल घेऊन महाग डिझेल काढण्यासाठीच बांधलेले आहेत. ते अंतर गेले की नफा जातो. २०२३ च्या मध्यात दुबई काही वेळा ब्रेंटच्या वर गेले होते. तेव्हा भारताला सावरले ते रशियाच्या उराल तेलाने, ज्याचा वाटा २०२२ पूर्वी दोन टक्क्यांच्या आसपास होता आणि २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेला.

ग्राहक देशाकडे उत्तर काय असते, याचे उदाहरण मार्च २०२१ चे. भारताने कपात सैल करण्याची विनंती केली. गेल्या वर्षी स्वस्तात भरलेले तेल वापरा, असे सौदी ऊर्जामंत्र्यांनी सुनावले. ते तेल एप्रिल-मे २०२० मध्ये सुमारे १९ डॉलरच्या सरासरीने घेतलेले होते आणि विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भुयारी साठ्यांत गेले होते. तिन्हींची क्षमता मिळून ५३.३ लाख टन, म्हणजे देशाच्या गरजेच्या साधारण साडेनऊ दिवसांपुरती. एवढ्या साठ्यावर भाव वाकवता येत नाही, फक्त काही दिवस धीर धरता येतो. साठा वाढवल्याशिवाय अशा विनंत्यांना वजन येणार नाही असे माझे ठाम मत आहे.

उत्पादक देश ग्राहक कसा बांधून घेतात तेही आपल्याकडे दिसले. २०१८ मध्ये अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक यांनी रत्नागिरीच्या नियोजित कारखान्यात मिळून ५० टक्के भागीदारीचे करार केले. क्षमता वर्षाला ६ कोटी टन, म्हणजे रोज १२ लाख पिंपे. त्यातला निम्मा पुरवठा या दोन कंपन्यांकडून व्हावा हा त्यामागचा हेतू होता. नाणार परिसरातल्या विरोधाने प्रकल्प अडला, तो वेगळा विषय आहे.

चौकस

मग मुंबईतल्या पंपावरचा भाव ओपेकच्या बैठकीनंतर का हलत नाही?

कोकणपट्टी

कारण मध्ये अबकारी कर, राज्याचा व्हॅट आणि तेल कंपन्यांचा नफा-तोटा आहे. एप्रिल २०२२ पासून कंपन्यांनी रोजचा बदल जवळजवळ थांबवला. भाव चढला की तोटा पोटात घ्यायचा आणि उतरला की भरून काढायचा. ओपेकचा परिणाम पाहायचा असेल तर पंपाकडे नको, डिझेलच्या सिंगापूर भावाकडे पाहा.

चौकस

शेवटचा प्रश्न. ऐच्छिक कपात करणाऱ्या आठ देशांनी एप्रिल २०२५ पासून ती सोडायला सुरुवात केली. आधी १.३८ लाख, मग मे ते जुलै दरमहा ४.११ लाख, ऑगस्ट-सप्टेंबरात साडेपाच-साडेपाच लाख. हेही कागदावरच का?

आकडेमोड

रीत तीच, फक्त दिशा उलटी. कोटा वाढला म्हणून उत्पादन वाढेल असे नाही. कझाकस्तान आधीच वर होता, त्याला नवा कोटा म्हणजे फक्त झालेल्या गोष्टीला मान्यता. इराकवर भरपाई चढलेली. रशियाकडे वाव थोडा. खरी वाढ मुख्यतः सौदी आणि अमिराती यांचीच. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरचे आकडे मोठे असूनही भाव कोसळला नाही.

यापुढे लक्ष ठेवायचे ते ३० नोव्हेंबर २०२५ च्या निर्णयावर. २०२७ च्या आधारपातळ्या प्रत्येक देशाच्या कमाल टिकाऊ क्षमतेची तपासणी करून ठरवायच्या, असे ठरले. कल्पना चांगली आहे, पण यात जास्त दाखवणाऱ्याचा फायदा आहे. १९८० च्या दशकात कोटा साठ्यांवर ठरेल अशी चर्चा सुरू झाली तेव्हा कुवेत, इराण, इराक, अमिराती आणि सौदी यांचे जाहीर साठे एकामागून एक फुगले होते. कोणतेही मोठे नवे क्षेत्र सापडलेले नसताना.

विहीरकाठ

आणि क्षमता मोजायची कशी यावरच एकमत नाही. ईआयएच्या व्याख्येत राखीव क्षमता म्हणजे ३० दिवसांत सुरू होईल आणि किमान ९० दिवस टिकेल ते उत्पादन. अरामकोच्या स्वतःच्या व्याख्येत तयारीला तीन महिने धरून, देखभाल वगैरे वजा जाता, वर्षभर टिकणारी सरासरी. सौदीचे १२० लाख या दुसऱ्या व्याख्येतले आहेत. अरामकोने आजवर नोंदवलेला उच्चांक २ एप्रिल २०२० चा, १२१ लाख पिंपे. तो एका दिवसाचा. विहिरी, पाणी भरायचे पंप, वायू वेगळा करणारे संच आणि बंदरावरच्या टाक्या हे सगळे मिळून वर्षभर तेवढे देतील का, हे वर्षभर चालवूनच कळते. तपासणीला येणाऱ्या संस्थेला ते कुणी चालवून दाखवणार नाही. तिच्या हाती विहिरींच्या चाचण्या, जलाशयाची संगणकीय प्रतिकृती आणि कंपनीचा शब्द एवढेच असेल.